आलापात खटका

आप्पा,

आता माझ्या कॅमेऱ्याला आवाज नाही. बोट दाबलं की फोटो निघतो, पण खट्ट म्हणून काही वाजत नाही. पडद्यावरची चौकट जराशी लुकलुकते, तेवढंच. विकणारा माणूस हीच गोष्ट मला परत परत सांगत होता. "मॅडम, पाळण्यातलं पोर जागं व्हायचं न्हाई बघा." त्यानं काउंटरवरच दोन-चार फोटो काढून दाखवले आणि मी तो मुका कॅमेरा हातात घेऊन तशीच उभी राहिले. तुमची इतकी आठवण आली की पुढं काय विचारायचं होतं तेच विसरले. त्याला वाटलं, मला पसंत पडला नाही. म्हणून त्यानं दुसरा काढला, तिसरा काढला, आणि शेवटी मी पहिलाच घेऊन घरी आले.

हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि सांगायचं म्हणजे कसं सांगायचं. आज दुपारी आपल्या फोटोच्या दुकानात कोणी नाही. कालचे फोटो निवडायला बसले होते, ते बाजूला सारून हे लिहितेय. लिहिताना मी 'येते, जाते' लिहीन, ते तुम्हाला परकं वाटेल. तुमच्याशी बोलताना मी पेठेतल्या बाकीच्या पोरींसारखी 'येतो, जातो'च म्हणायची. शाळेतल्या बाईंनी त्यावरून वहीत लाल रेघा मारल्या, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "लिवताना पुस्तकातलं लिव, बोलताना घरातलं बोल. दोन्ही बी आपलंच हाय."

मी अजून तेच काम करते, जे तुम्ही करत होता. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या, भाद्रपदात गणपती, मोहरमला तालमीतले पंजे, नवरात्रात देवळातली भजनं, दसऱ्याला सोनं लुटण्याची गर्दी. आणि महिन्यातून एकदा, संध्याकाळची गाण्याची बैठक. मिरवणुकीत आता मूर्ती दिसायच्या आधी वर उचललेले फोन दिसतात. सगळेच फोटो काढतात, तरी मंडळाची पोरं मला बोलावतात. एकदा मी त्यांना विचारलं, तुमच्याकडं एवढे फोन असताना मी कशाला? त्यातला एकजण म्हणाला, "आमच्या फोटोत आमीच असतोय की, ताई. तुमच्यात सगळी पेठ येतीय." मला वाटलं, हे तुमच्या कानावर जायला हवं होतं.

कानावर. बघा, तुमच्याबद्दल लिहायला बसलं की हाच शब्द पहिल्यांदा येतो.

मी लहान असताना तुम्ही मिरवणुकीपुढं उलटे चालायचात. पुढं तुमची पाठ, मागं लेझीम, झांजा, हलगी, आणि सगळ्यांच्या मागून हळूहळू येणारी मूर्ती. डोळा कॅमेऱ्याला लावलेला असला की तुम्हाला मागचं काही दिसायचं नाही, म्हणून मी तुमच्या पाठीशी उभी राहून शर्ट धरायची आणि ओरडायची. खड्डा. गटार. म्हस. एकदा खरंच म्हस आडवी आली होती, आणि तुम्ही तिच्या पोटाला टेकून शांतपणे तीन फोटो काढलेत. लोक म्हणायचे, पोरीला कशाला नेता असल्या गर्दीत? आई म्हणायची, "नेऊ द्या की. तिच्या जिवावर तर ह्ये जित्तं घरी येत्यात."

त्याच दिवसांतला तुमचा एक बोल मला आजही लागतो. जोतिबाला गेलो होतो. गुलालानं सगळा डोंगर लाल झालेला. एका बाईच्या अंगात आलं होतं. केस सुटलेले, पदर जमिनीवर, डोळे भलतीकडंच लागलेले. मला नुकताच तुम्ही जुना कॅमेरा वापरायला दिला होता आणि मी तिच्या अगदी जवळ जाऊन नेम धरला. तेवढ्यात भिंगासमोर तुमचा गुलालानं माखलेला तळवा आला. तुम्ही रागावला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. "माणूस सोताला इसरलेलं असताना त्येचा फोटो काढायचा न्हाई," तुम्ही म्हणालात. "उद्या ती शुद्धीवर यील, आन् फोटो मात्र तसाच ऱ्हाईल." मग तुम्ही तिच्या सोबतच्या म्हातारीला हाक मारून तो पदर उचलून द्यायला लावलात. अलीकडं असे फोटो मोबाइलवर फिरत येतात. मी ते पुढं पाठवत नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

तालमींच्या मिरवणुकांनी आपलं पोट भरतंय आणि गाण्यानं मी भरतोय, असं तुम्ही आईला सांगायचात. आज्जीच्या गावी, गडहिंग्लजकडं, मठातली कानडी भजनं ऐकत तुम्ही वाढलात; कोल्हापुरात आलात तेव्हा हातात कॅमेरा होता, पण कान गाण्याकडंच होते. बैठकीतले फोटो तुम्ही कुणी न सांगता काढायला लागलात. डाव्या बाजूला, पहिल्या रांगेच्या कडेला मांडी घालून बसायचं आणि तिथून हलायचं नाही. तुमचा तो जुना धातूचा कॅमेरा मोठ्यानं वाजायचा, पण बैठकीत तो कधी कुणाला ऐकू आला नाही. तबल्यावर थाप पडायची त्याच क्षणी तुमचं बोट पडायचं. नाहीतर 'वाहवा' उठली की त्या आवाजात तुम्ही तुमचं काम उरकून घ्यायचात. "फोटोवाला दिसला तर चालतंय," तुम्ही मला शिकवलंत, "ऐकू येता कामा नये."

मग मिरवणुका बदलल्या. हलगी मागं पडली आणि ट्रकवर स्पीकरच्या भिंती आल्या. सगळं गाव त्याला डॉल्बी म्हणायला लागलं. बाकीचे लोक त्या भिंतीच्या बाजूनं नाहीतर मागून चालायचे. तुम्ही मात्र उलटे चालत होता, म्हणजे दिवसभर तुमचं तोंड, तुमची छाती आणि तुमचे दोन्ही कान त्या भिंतीसमोर. मी म्हणायची, आप्पा, बाजूला व्हा की. तुम्ही म्हणायचात, "बाजूनं माणसाची नुसती पाठ दिसती. नाचणाऱ्याचं तोंड समोरनंच दिसतंय." विसर्जनानंतर चार-पाच दिवस तुमच्या कानांत रातकिडे ओरडायचे. नंतर ते आठवडाभर राहायला लागले. मग ते गेलेच नाहीत, पण ते तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत.

आम्हाला कळलं ते स्वयंपाकघरात. आईनं कुकर लावला होता आणि ती वर गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. जाताना तुम्हाला सांगून गेली, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी पायरीवर बसून शेंगा निवडत होते, कानांत वायर घालून रेडिओ ऐकत होते, त्यामुळं माझं लक्षच नव्हतं. करपल्याचा वास आला तेव्हा मी आत धावले. तुम्ही ओट्याला टेकून पेपर वाचत होता, कुकरपासून हातभर अंतरावर, आणि कुकर किंचाळत होता. आई ओल्या हातानं खाली आली. तिनं गॅस बंद केला, तुमच्याकडं बघितलं. "शिट्टी झाली न्हवं?" ती म्हणाली. तुम्ही पेपरवरून मान वर केलीत आणि सहज विचारलंत, "झाली व्हय?" तिनं डाळ दुसऱ्या भांड्यात काढली, कुकर मोरीत ठेवला आणि त्यावर पाणी सोडून बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी करपलेली आमटी खाल्ली आणि कोणी नाव ठेवलं नाही.

डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. ते लावून तुम्ही पहिल्यांदा बैठकीला गेलात आणि मध्येच ते काढून खिशात टाकलंत. बाहेर आल्यावर म्हणालात, "यंत्रातनं तंबोरा ऐकला. पत्र्यावर कुणीतरी खडं टाकालंय असं वाटतंय. ह्यापरास न्हाई ऐकलेलं बरं." दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायला तुम्ही ते वापरायचात. गाण्याला कधी लावलं नाहीत.

त्याच वर्षी गणपतीच्या आधी तुम्ही शिरोलीला फौंड्रीत कामाला असलेल्या मित्राकडून माझ्यासाठी एक वस्तू आणलीत. जाड पिवळी, कान झाकणारी, डोक्यावरून पट्टी असलेली. यंत्रावर काम करणारे लोक घालतात तसली. "हे घालायचं, तरच मिरवणुकीत माझ्यासंगट यायचं," तुम्ही म्हणालात. मी कॉलेजात होते. वर्गातली निम्मी पोरं त्याच मिरवणुकीत नाचणार होती. मी म्हटलं, लोक हसतील. "हसू देत. हसल्यालं बी तुला ऐकू यायचं न्हाई." तालमीच्या पोरांनी मला पायलट नाव ठेवलं आणि ते दोन-तीन वर्षं चिकटलं. पण आप्पा, आज माझे कान शाबूत आहेत. पहाटे पंचगंगेच्या घाटावर पाण्याला पाय लागल्याचा आवाज मला ऐकू येतो. दारात न वाजवता उभी राहिलेली आई मला ऐकू येते. दुसरं कुणी मला इतकं काही दिलेलं नाही.

आता ती बैठक. तुम्हाला ती आठवायला आवडणार नाही, पण पुढचं सगळं तिच्यामुळंच झालं. बाहेरगावचे गायक आले होते. तंबोरे लागलेले, तबलजी हात मांडीवर ठेवून बसलेला, आणि गायकांनी डोळे मिटून नुसता सूर लावला होता. सभागृहात श्वास ऐकू येईल अशी शांतता. आणि त्या शांततेत खट्ट. मी मागं बायकांत बसले होते. पुन्हा खट्ट. तुम्ही गुडघ्यावर सरकत थोडे पुढं गेलात, कारण तुम्हाला चेहरा हवा होता, आणि तिसऱ्यांदा खटका वाजला तेव्हा गायकांनी डोळे उघडले. माना वळल्या. बैठक भरवणाऱ्या मंडळाचे चिटणीस, ते निवृत्त मास्तर, वाकत वाकत माझ्याकडं आले. "बाळ," ते अगदी हळू म्हणाले, "त्यांना जरा थांबव."

मी लोकांच्या मांड्यांमधून वाट काढत आले आणि तुमच्या मनगटावर हात ठेवला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग सगळ्या वळलेल्या माना बघितल्यात. काय झालं ते तुम्हाला कळलं. तुम्ही भिंगावर झाकण बसवलंत, कॅमेरा मांडीवर घेतलात आणि तसेच बसून राहिलात. उठून गेलो तर गायकाचा अपमान, म्हणून शेवटच्या भैरवीपर्यंत बसलात. परत येताना आपण गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर थांबलो. म्हशी बांधलेल्या, गवळी समोर धार काढत होता. डाव्या कानाशी बोललं तर तुम्हाला तेव्हा थोडं कळायचं. तुम्ही दुधाचा पेला हातात तसाच धरून विचारलंत, "लई वाजला का गं?"

"न्हाई. थोडा."

"खरं सांग."

"मागच्या भिंतीपतोर गेला, आप्पा."

तुम्ही मान हलवलीत. पेल्यावरचा फेस हळूहळू बसत गेला. "मला वाटलं, आज कॅमेरा लई गुणानं चाललाय," तुम्ही म्हणालात.

पुढच्या आठवड्यात चिटणीस दुकानात आले. वाईट माणूस नव्हता तो. येताना पेढे घेऊन आला होता. या महिन्यापासून एकजण डिजिटल कॅमेरा घेऊन येतोय, असं त्यांनी सांगितलं. "तुम्ही आता दगदग करू नका. नुसतं ऐकायला येत जा." बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते कानकोंडे झाले. तुम्हीच त्यांना सोडवलंत. "ऐकायलाच येतोय की इतकी वर्सं," तुम्ही हसून म्हणालात आणि त्यांच्यासाठी चहा सांगितलात.

आणि मग तुम्ही जाणं बंद केलंत. बैठकीच्या संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून तुम्ही भिंगं पुसत बसायचात. पुसलेली परत पुसायचात. आई म्हणायची, "जावा की. चार माणसांत बसून या." तुम्ही म्हणायचात, "काय बघाय जाऊ?" एके दिवशी तिनं मला मोरीपाशी गाठलं. "ह्येंला कुठंतरी न्हे बाई," ती म्हणाली. "माणूस घरात हाय, पण घरात न्हाई."

युक्ती मला मिरवणुकीत सुचली. मी तुमच्या पाठीशी, हात तुमच्या पाठीवर. त्या आवाजात ओरडण्यात अर्थच नव्हता, म्हणून कधीपासून कोण जाणे आपली एक भाषा झाली होती: बोटं टेकवली की थांबा, डावीकडं दाबलं की डावीकडं. तुम्ही न बघता त्याप्रमाणं चालत होता. मला एकदम वाटलं, हेच गाण्यात का नको? तबला जोरात असेल, टाळ्या पडत असतील, तेव्हा मी बोट टेकवीन. शांत झालं की हात नुसता पाठीवर. दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी हे तुमच्या डाव्या कानाशी सांगितलं आणि तुम्ही भाकरी तोडता तोडता थांबलात.

"आंधळ्याला धरून न्हेल्यावानी न्हेणार व्हय मला?"

"मिरवणुकीत धरतोच की मी."

"ते खड्ड्यासाठनं."

"हे बी खड्ड्यासाठीच हाय," मी म्हटलं. "तितं जमिनीत असतोय, हितं गाण्यात."

तुम्ही बराच वेळ चावत राहिलात. आई गॅसकडं तोंड करून उभी होती, पण तिचा हात भाकरीवरच थांबला होता. शेवटी तुम्ही म्हणालात, "मास्तर न्हाई म्हणतील." मास्तर नाही म्हणाले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले, सगळं सांगितलं, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. "एक बैठक बघू," ते म्हणाले. "लोकांना त्रास झाला तर मात्र मला बोलावं लागेल."

त्या पहिल्या बैठकीत माझा हात इतका घामेजला होता की तुमच्या शर्टावर त्याचा ठसा उमटला. तुम्ही डोळा कॅमेऱ्याला लावून बसलेले आणि मी मागं, जवळजवळ तुमच्या पाठीला टेकून. तबल्यावर थापा पडायला लागल्या. मी बोट टेकवलं. तुमचं बोट पडलं. मी कान टवकारून ऐकत होते, पण मला स्वतःलाही खटका ऐकू आला नाही. मग पुन्हा. मग एकदा सगळं सभागृह 'क्या बात है' म्हणालं आणि मी पटापट बोट टेकवत राहिले. तुम्ही एकामागून एक फोटो घेतलेत, आणि मला तुमच्या पाठीतून कळलं की तुम्ही हसताय. हसणं पाठीला कळतं, हे मला त्या दिवशी समजलं.

त्यानंतर आपण कितीतरी बैठका तशा केल्या. हळूहळू माझं बोट आणि तुमचं बोट यांत अंतरच राहिलं नाही. आणि तुमचे फोटो बदलले. पूर्वी तुम्ही गाणाऱ्याचे फोटो काढायचात. आता तुम्ही बसल्या जागी अर्धे वळून ऐकणाऱ्यांचे काढायला लागलात. पेठ वडगावचा एक आडत व्यापारी दर बैठकीला यायचा, खांदे पाडून, डोळे मिटून बसायचा. त्याच्या गालावरून पाणी ओघळतानाचा फोटो तुम्ही काढलात आणि आधी त्याला दाखवून, त्याची परवानगी घेऊन मगच भिंतीवर लावलात. मी विचारलं, गाणारा सोडून हे का? तुम्ही म्हणालात, "गाणं मला आता हितंच दिसतंय. गाणाऱ्याचं तोंड कवा कवा फसवतंय. ऐकणाऱ्याचं न्हाई फसवत."

आणि मग गाणाऱ्या बाई आल्या. आपल्याच गावच्या. त्या पहिल्यांदा मंचावर बसल्या, दोन वेण्या आणि परकर-पोलक्यात, तेव्हाचा त्यांचा फोटो तुम्हीच काढलेला. पुढं त्या मोठ्या झाल्या, देशभर गायल्या. मग घशाचं मोठं आजारपण आलं आणि काही वर्षं त्यांचा आवाज गेला. तो परत आला तेव्हा पहिलं गाणं गावातच म्हणायचं त्यांनी ठरवलं, आणि निरोप धाडला की फोटो तुम्हीच काढायचे. सभागृह भरून लोक बाहेरच्या पायऱ्यांवर बसले होते. सगळ्यांना एकच धास्ती होती, आवाज टिकेल का. त्यांनी पहिला सूर लावला तेव्हा तो थोडा थरथरला. पुढं मात्र तो हळूहळू स्थिर होत गेला, उन्हात वाळणाऱ्या कपड्यासारखा मोकळा झाला. मी शांत जागी हात नुसता ठेवत होते, आणि त्या बाईंच्या गाण्यात शांत जागा पुष्कळ होत्या. तुम्ही वाट बघत बसलात. तोवर तुमचा डावा कानही गेला होता, तुम्हाला एकही सूर ऐकू येत नव्हता आणि त्या सभागृहात तुमच्याइतकं ध्यान देऊन कोणीही बसलं नव्हतं.

गाणं संपलं. लोक पाया पडायला पुढं गेले, आणि बाईंनी हातानंच त्यांना थांबवून तुमच्याकडं बघितलं. माझा तुमच्या पाठीवरचा हात त्यांनी कार्यक्रमभर पाहिला असणार. त्यांनी ओठ स्पष्ट हलवत तुम्हाला विचारलं, "कसं झालं?"

तुमचा आवाज तेव्हा किती मोठा लागायचा, हे तुम्हाला कळत नव्हतं. "चांगलं दिसलं, बाई," तुम्ही म्हणालात, आणि ते पायऱ्यांवरच्या लोकांपर्यंत गेलं.

कोणीतरी हसायला लागलं आणि थांबलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या थोडं पुढं वाकून, तुम्हाला ओठ वाचता येतील असं सावकाश म्हणाल्या, "मग सूर लागला म्हणायचा. चुकला असता तर माझं तोंड वाकडं दिसलं असतं तुम्हाला." आणि मग त्यांनी पदरानं डोळे टिपले. तुम्ही तो फोटो काढला नाहीत. मी बोट टेकवलं होतं, आप्पा. टाळ्या पडत होत्या, कुणाला खटका ऐकू आला नसता. पण तुम्ही कॅमेरा खाली ठेवलात आणि दोन्ही हात जोडलेत.

तुम्ही गेलात ते थंडीत. छातीत पाणी झालं होतं, दवाखान्यात उशा लावून बसवून ठेवावं लागायचं. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन तुमच्या पायांवर आलं होतं. दम लागायचा म्हणून मी मागं बसून तुमची पाठ चोळत होते. आई घरी जेवण करायला गेली होती. तुमचे डोळे मिटलेले. मध्येच तुम्ही मान थोडी वळवलीत आणि विचारलंत, "कोण गातंय?"

मागून बोललेलं तुम्हाला ऐकू येणार नव्हतं. मी तुमच्या समोर येऊन सावकाश म्हटलं, "बाई गातात."

तुमचा चेहरा निवला. "मग मागं बस की," तुम्ही म्हणालात. मी परत मागं जाऊन बसले आणि हात तुमच्या पाठीवर ठेवला. बाहेर व्हरांड्यात भांड्यांची ट्रॉली चालली होती, कुणाचं तरी लेकरू रडत होतं. थोड्या वेळानं मी बोट टेकवलं. पांघरुणावरचं तुमचं बोट किंचित हललं. मी पुन्हा टेकवलं नाही. तुम्ही तसेच शांत बसून राहिलात, पुढच्या खुणेची वाट बघत असल्यासारखे, आणि आई डबा घेऊन आली तेव्हा झोपला होता. त्या संध्याकाळी तुम्ही गेलात.

आई बरी आहे. आता तीच कुकरच्या शिट्ट्या विसरते, आणि आम्ही दोघी त्यावर हसतो. मघाशी ती आतून म्हणाली, "काय लिवालीस एवढं?" मी म्हटलं, "कामाचं हाय." हे कुठं पाठवायचं नाही म्हटल्यावर कामाचंच समजायचं. दुकान चालू आहे. मी मुक्या कॅमेऱ्यानं बैठकीचे फोटो काढते. हवं तेव्हा, ऐन शांततेतसुद्धा काढता येतात. पण मला जमत नाही. थाप पडेपर्यंत माझं बोट खाली जातच नाही.

खरं सांगायचं तर आज हे लिहायला बसायचं कारण कालचं आहे. काल बैठक होती. मास्तर केव्हाच गेले. आता चिटणीस एक तरुण बाई आहेत, सांगलीहून आलेल्या, इथं कॉलेजात शिकवतात. फार धडपडी आणि लाघवी. कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. वर्तमानपत्राला दोन ओळी पाठवायच्या होत्या आणि गायिका तर घाईनं गाडीत बसून गेली होती. "ताई, तो दुसरा राग कोणता हो? तुम्ही एवढी वर्षं ऐकताय."

आप्पा, मला राग ओळखता येत नाहीत. कधीच आले नाहीत. कुठं आवाज चढला आणि कुठं शांत झालं, एवढंच मला कळतं. त्यापुढचं सगळं तुम्ही होता. मी कॅमेरा पिशवीत ठेवत होते, ध्यान नव्हतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आप्पांना विचारून सांगते."

मला वाटलं, आता त्या चमकून बघतील. पण त्यांना काय माहीत. त्यांचा चेहरा उलट खुलला. "वडील का? त्यांना गाण्याचं एवढं कळतं? मग पुढच्या वेळी त्यांना घेऊनच या की. पुढची जागा धरून ठेवते मी."

मी त्यांना काही सांगितलं नाही. हो, आणते, असं म्हणून आले.